रचलेले वास्तव

महाराष्ट्रातील मोठ्या जत्रांतून, पाळण्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांच्या गर्दीत, लाकडी फळ्यांचा एक उंच गोल हौद अजूनही कधी कधी उभा राहिलेला दिसतो. ‘मौत का कुआँ’ हे त्याचे नाव मराठी मुलखातही हिंदीच राहिले आहे. प्रेक्षक जिना चढून हौदाच्या काठावर उभे राहतात. खाली मोटारसायकलींचा आणि एखाद्या जुन्या मारुती मोटारीचा धडधडाट सुरू होतो आणि पाहता पाहता त्या गाड्या उभ्या भिंतीवर आडव्या होऊन धावू लागतात. काठावरून कोणी नोट पुढे करतो, आणि वाहन न थांबविता चालक ती अलगद खेचून घेतो. या खेळात जादू नाही. गाडी पुरेशा वेगाने फिरत असते तोवर भिंत तिला सतत आतल्या बाजूस ढकलीत राहते, आणि त्या दाबातून उपजणारे चाकांचे घर्षण गाडीचे वजन पेलून धरते. वेग घटला, की घर्षणही घटले. प्रत्येक फेरी आधीपासून ठरलेली आणि शेकडो वेळा केलेली असते. पण धोका मात्र दर वेळी नवा आणि खरा असतो. यात ठरलेले काय आणि खरे काय, याविषयी पाहणाऱ्याच्या मनात यत्किंचितही गोंधळ नसतो. तिकिटाच्या पैशात त्याला दोन्ही मिळतात.

हाच खेळ जत्रेतून उठून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर गेला तेव्हा मात्र त्यात एक तिसरी गोष्ट मिसळली. तिचे नाव पटकथा. मोटारी बांधणे, त्या विलक्षण रीतीने बदलणे आणि मग त्या उडविणे, बुडविणे वा आपटणे, अशा कार्यक्रमांची एक वेगळी जात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पाश्चात्त्य देशांत उदयास आली. हे कार्यक्रम नाटक म्हणून दाखविले जात नाहीत. जे घडले ते दाखवितो आहोत, असा त्यांचा आविर्भाव असतो. परंतु पडद्यावर जे अकस्मात घडते, त्यातील पुष्कळसे आधी कागदावर घडून गेलेले असते. अशा रचलेल्या वास्तवाकडे प्रेक्षकाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न वरवर करमणुकीचा वाटला तरी तो विश्वासाचा आहे, आणि काही वेळा तर जिवाचाही.

या जातीच्या कार्यक्रमांचा कुलगुरू म्हणून ब्रिटनच्या बी.बी.सी.वरील ‘टॉप गिअर’चे नाव घ्यावे लागेल. १९७७ साली बर्मिंगहॅम येथे त्याचा आरंभ झाला, तेव्हा तो मोटार विकत घेणाऱ्यास उपयुक्त माहिती देणारा एक सरळसाधा कार्यक्रम होता. २००२ साली जेरेमी क्लार्कसन हे निवेदक आणि अँडी विल्मन हे निर्माते यांनी त्याचा कायाकल्प केला. सरे परगण्यातील डन्सफोल्ड येथील जुन्या विमानतळावर त्याचे ठाणे झाले. क्लार्कसन यांच्या जोडीला रिचर्ड हॅमंड आणि पुढच्या वर्षी जेम्स मे आले. शिरस्त्राणाआड चेहरा लपविणारा आणि कधीही न बोलणारा ‘स्टिग’ नावाचा चालक हे या मंडळीतील चौथे पात्र. ‘पात्र’ हाच शब्द येथे योग्य आहे. कारण दांडगाईने बोलणारा एक, लहान चणीचा आणि उतावळा दुसरा, संथ आणि काटेकोर तिसरा, ही योजना नाटककाराला शोभावी अशी होती. तमाशातील वगात राजा, प्रधान आणि सोंगाड्या यांनी काय बोलावयाचे याचा अंदाज प्रेक्षकाला असतो, आणि तरीही तो हसतो. तसाच हा प्रकार होता. असे असूनही, जगात सर्वाधिक देशांतून पाहिला जाणारा वास्तवदर्शी कार्यक्रम म्हणून गिनीजच्या विक्रमग्रंथाने २०१३ च्या आवृत्तीत ‘टॉप गिअर’चीच नोंद केली. सारा गुंता त्या ‘वास्तवदर्शी’ या विशेषणात आहे.

या कार्यक्रमांची रचना सामान्यतः एकाच साच्याची असते. एक आव्हान लिफाफ्यातून येते. ते वाचून मंडळी चकित होतात. मग थोड्या पैशांत जुनी मोटार घ्यावयाची, तिच्यात काहीतरी अचाट फेरफार करावयाचे, आणि ती घेऊन नदी, डोंगर वा वाळवंट ओलांडावयाचे. मध्ये काहीतरी मोडते, कोठेतरी आग लागते, कोणीतरी मागे राहतो. वास्तविक त्या लिफाफ्यातील मजकूर निर्मात्यांनी कित्येक आठवडे आधी ठरविलेला असतो. परवाने काढलेले असतात, विमा उतरविलेला असतो, रुग्णवाहिका उभी असते. ब्रिटनमध्ये १९९८ पासून २०१० पर्यंत चाललेल्या ‘स्क्रॅपहीप चॅलेंज’ या कार्यक्रमात दोन चमूंना भंगाराच्या आवारात सोडून दहा तासांत एखादे यंत्र बांधावयास सांगितले जाई. त्या भंगारात नेमके हवे ते इंजिन वा हवा तो पंप सापडे, याचे कारण दैव नव्हे. उपयोगी पडतील असे भाग तेथे आधीच नेऊन ठेवलेले असत. यात फसवणूक झाली असे मात्र सहसा कोणास वाटले नाही, कारण जोडणी करणारे हात खरे होते. सांधा नीट बसला नाही तर यंत्र चालत नसे, आणि कितीही चतुर संकलक असला तरी बुडालेली होडी त्याला तरंगविता येत नसे.

यंत्राची ही निःस्पृहता हेच अशा कार्यक्रमांचे खरे आकर्षण होय. ‘टॉप गिअर’ने २००३ साली एक जुना टोयोटा हायलक्स ट्रक घेऊन त्याच्या चिवटपणाची परीक्षा पाहिली. सेव्हर्न नदीच्या मुखाशी त्याला भरतीच्या पाण्यात बुडविले, आग लावली, उंचावरून खाली टाकले, आणि अखेर सुमारे ७३ मीटर उंचीच्या एका इमारतीच्या माथ्यावर ठेवून ती इमारतच सुरुंगांनी उडवून दिली. ढिगाऱ्यातून काढलेला तो ट्रक, नवे सुटे भाग न घालता, साध्या हत्यारांनी दुरुस्त केल्यावर पुन्हा सुरू झाला. उलट २००७ साली ‘रिलायंट रॉबिन’ या छोट्या तीनचाकी मोटारीचे अंतराळयान बनवून ते अग्निबाणांच्या साहाय्याने आकाशात सोडण्यात आले. उड्डाण उत्तम झाले. पण मुख्य टाकीपासून मोटार सुटी करणाऱ्या खिळ्यांनी ऐन वेळी दगा दिला, आणि सारा डोलारा टेकडीवर येऊन आदळला. लेखकाने दोन्ही प्रसंगांसाठी पटकथा लिहिली असेल. परंतु इंजिन सुरू व्हावे की न व्हावे आणि खिळा सुटावा की न सुटावा, हे त्याच्या हाती नव्हते.

मोटारींच्या कसरतींचेही तसेच आहे. सामान्य प्रेक्षक साहसवीराच्या छातीकडे पाहतो, पण उत्तम कसरतीचा निम्मा भाग गणिताचा असतो. १९७४ साली प्रदर्शित झालेल्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’ या बाँडपटात एक मोटार मोडक्या पुलावरून झेप घेते, हवेत स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेते आणि पलीकडच्या तीरावर चारही चाकांवर उतरते. या उडीचे गणित अमेरिकेतील कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत संगणकावर मांडलेले होते. मोटारीचे वजन, उतरणीचा कोन आणि पीळ, आणि ताशी सुमारे ६४ किलोमीटरचा वेग, हे सारे आधी निश्चित झाले. तोल दोन्ही बाजूंस सारखा राहावा म्हणून चालकाचे आसन मधोमध आणले गेले. थायलंडमधील एका कालव्यावर ही उडी पहिल्याच प्रयत्नात साधली. तिच्यात आकस्मिक असे काहीच नव्हते, आणि खोटेही काही नव्हते. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी की, ‘आधी ठरविलेले’ आणि ‘खोटे’ हे दोन शब्द समानार्थी नाहीत.

मग खोटेपणा सुरू होतो तरी कोठे? याचे उत्तर त्याच रिलायंट रॉबिनच्या दुसऱ्या एका कथेत सापडते. ही मोटार १९७३ साली बाजारात आली. तिला पुढे एक आणि मागे दोन चाके. म्हणजे आपल्या रिक्षासारखीच मांडणी. कवच फायबरग्लासचे असल्याने ती वजनाने हलकी, आणि म्हणून मोटारसायकलच्या परवान्यावर चालविता येत असे. ज्यांना मोठी मोटार परवडत नव्हती अशा कष्टकरी कुटुंबांना तिने पावसापासून आडोसा दिला. २०१० साली क्लार्कसन यांनी ती इंग्लंडच्या उत्तर भागातील रस्त्यांवर चालवून दाखविली. प्रत्येक वळणावर मोटार कलंडे, ते आत लोळत, आणि वाटेत भेटणारी माणसे ती पुन्हा उभी करीत. कोट्यवधी प्रेक्षक पोट धरधरून हसले. २०१६ साली क्लार्कसन यांनीच वृत्तपत्रातील आपल्या लेखात सांगून टाकले की, ती मोटार दर वळणाला उलटावी म्हणून तिच्या मागील चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या भागात मुद्दाम फेरफार केलेला होता.

विनोद म्हणून हे क्षम्य आहे, असे कोणी म्हणेल. परंतु अंतराळयान बनविलेली रॉबिन आणि ही रॉबिन यांत एक मूलभूत फरक आहे. पहिली काय होती हे सर्वांना दिसत होते. दुसरी मात्र ‘ही मोटार अशीच असते’ असे सांगत होती. तीनचाकी गाडी वेगाने वळविली तर कलंडण्याचा संभव अधिक, हे खरेच. पण तिच्या अंगी असलेल्या खऱ्या उणिवेवर खोट्या उणिवेचा थर चढविला गेला, आणि तो दिसू दिला गेला नाही. गरिबाच्या वाहनाची अब्रू ती काय, असा विचार करणाऱ्याने ती मोटार वर्षानुवर्षे सांभाळून चालविणाऱ्या माणसाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे.

यापूर्वीच्या एका प्रसंगी हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले होते. २००८ च्या डिसेंबरमध्ये ‘टॉप गिअर’ने टेस्ला कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या ‘रोडस्टर’ मोटारीची परीक्षा दाखविली. धावपट्टीवर ती अवघ्या ५५ मैलांत शक्ती गमावील असे निवेदनात सांगितले गेले, आणि माणसे ती ढकलीत आत नेत असल्याचे दृश्य आले. कंपनीचे म्हणणे असे की, त्या दिवशी कोणत्याही गाडीची विद्युत्शक्ती संपलीच नव्हती, आणि परीक्षेचा निकाल परीक्षेपूर्वीच लिहून तयार होता. बी.बी.सी.चे म्हणणे असे की, शक्ती संपली तर काय होईल एवढेच दृश्यातून दाखविले. २०११ साली कंपनीने दावा लावला. २०१३ साली अपील न्यायालयातही तो टिकला नाही. धावपट्टीवर बेफाम पळविलेल्या मोटारीचा पल्ला आणि रस्त्यावरील पल्ला एक नव्हे, हे समंजस प्रेक्षकास कळते, अशी न्यायाधीशांची भूमिका होती. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. प्रेक्षकाचा प्रश्न मात्र त्याहून साधा आहे: जे ढकलले जाताना दिसले, ते ढकलण्याची खरोखर गरज होती काय?

असा प्रश्न दूरचित्रवाणीला प्रथम विचारला गेला तो अमेरिकेत, तिच्या बाल्यावस्थेतच. ‘ट्वेंटी-वन’ या प्रश्नमंजूषेत विजयी होत गेलेले चार्ल्स व्हॅन डोरेन या तरुण प्राध्यापकांनी, आपल्याला उत्तरे आधीच सांगण्यात येत होती, असे १९५९ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कबूल केले. पुढच्याच वर्षी अशा स्पर्धांतील लबाडीला कायद्याने बंदी झाली. त्या काळच्या निर्मात्यांचा युक्तिवादही हाच होता की, ही करमणूक आहे, तिला नाट्याची गरज असते. नाट्याची गरज असते हे खरे. पण नाटकात आरंभीच सूत्रधार रंगमंचावर येतो, नांदी होते, आणि आता जे दिसेल ते सोंग आहे अशी जाणीव सर्वांना मिळते. त्या जाणिवेच्या बदल्यात प्रेक्षक आपला अविश्वास खुशीने बाजूला ठेवतो. सूत्रधाराला बाहेर काढून नाटक तेवढे ठेवावयाचे, हा व्यवहार सचोटीचा नव्हे.

आणि तरीही या साऱ्या कथेत सर्वांत गंभीर भाग फसवणुकीचा नाही. तो आहे, पटकथेत न लिहिलेल्या अपघाताचा. २००६ च्या सप्टेंबरची २० तारीख. यॉर्कजवळच्या एल्व्हिंग्टन येथील विमानतळावर रिचर्ड हॅमंड ‘व्हॅम्पायर’ नावाची, जेट इंजिनाची मोटार चालवीत होते. ताशी २८८ मैल, म्हणजे सुमारे ४६३ किलोमीटर वेग असताना पुढचे उजवे चाक फुटले. मोटार उलटली; हॅमंड यांच्या मेंदूला गंभीर दुखापत झाली. ते वाचले आणि काही महिन्यांनी कार्यक्रमात परतले. त्यांचे स्वागत मोठ्या थाटात झाले. असे वाटले की, या मंडळीला काहीच होत नाही. पडद्यावरील अपघात विनोदी आणि पडद्याआडचे अपघात सुखान्त, अशी सवय करणाऱ्यांनाही लागते आणि पाहणाऱ्यांनाही.

ती सवय २०२२ च्या डिसेंबरात मोडली. निवेदकांची पहिली त्रयी २०१५ सालीच पांगली होती, आणि २०१९ पासून इंग्लंडचे नामवंत क्रिकेटपटू अँड्र्यू फ्लिंटॉफ या कार्यक्रमात आले होते. मराठी श्रोत्यांना हे नाव अपरिचित नाही. २००६ च्या मार्चमध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारताला २१२ धावांनी हरवून मालिका बरोबरीत सोडविणाऱ्या इंग्लंड संघाचे ते कर्णधार होते. १३ डिसेंबर २०२२ रोजी डन्सफोल्ड येथे चित्रीकरणाच्या वेळी ते चालवीत असलेली, वर छत नसलेली तीनचाकी मोटार उलटली. त्यांच्या चेहऱ्याला भीषण इजा झाली. कित्येक महिने ते लोकांपुढे आले नाहीत. बी.बी.सी.ने त्यांची क्षमा मागितली, भरपाईविषयी समेट केला, आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये हा कार्यक्रम नजीकच्या भविष्यकाळात परतणार नाही असे जाहीर केले. बारा वर्षांपूर्वी तीन चाकांची मोटार उलटताना जग हसले होते. ते उलटणे रचलेले होते, हे नव्हते.

भारतातील प्रेक्षकाला या कथेशी काय कर्तव्य, असे विचारता येईल. ‘टॉप गिअर’ची मंडळी २०११ च्या अखेरीस दाखविलेल्या भागासाठी मुंबईत आली होती, आणि डबेवाल्यांशी जेवणाचे डबे पोहोचविण्याची स्पर्धा त्यांनी मांडली होती, पण नाते तेवढ्यापुरतेच नाही. ‘फिअर फॅक्टर’ या परदेशी कार्यक्रमाच्या धर्तीवर ‘खतरों के खिलाडी’ हा कार्यक्रम २००८ पासून हिंदीत चालू झाला. २०१४ पासून त्याच्या बहुतेक पर्वांचे सूत्र, मोटारी उडविण्याच्या दृश्यांसाठीच ख्यात असलेल्या रोहित शेट्टी यांच्या हाती राहिले आहे. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यामुळे तर प्रत्येक गल्लीत एक निर्माता आणि एक साहसवीर जन्मला आहे. या मुलांनी पाहिलेल्या कसरतीत उडी दिसते. तिच्यामागचे गणित, मोकळे केलेले रस्ते आणि उभी असलेली रुग्णवाहिका दिसत नाही. संकलकाने जे कापले, नेमके तेच त्यांना ठाऊक असणे अगत्याचे होते.

आपला कायदा याविषयी मुका नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा असा बदल वाहनात परस्पर करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व अधिक स्पष्ट केले. इंधनाचा प्रकार बदलण्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांनाही नियम आणि परवानगी आहे. शासनाच्या लेखी संमतीवाचून शर्यत लावणे हा कलम १८९ खाली अपराध आहे. परंतु कायद्याचे कलम मुलापर्यंत पोहोचण्याआधी पडद्यावरचे चित्र पोहोचते. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली, असे केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. या मृत्यूंना करमणूक जबाबदार आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. अतिवेग, वाईट रस्ते, हलगर्जीपणा ही कारणे कितीतरी मोठी आहेत. तथापि, ज्या देशात रस्ता इतका महाग पडतो, तेथे मोटार उलटणे ही गंमत आहे असा संस्कार करणाऱ्याने आपल्या शब्दांचे आणि चित्रांचे वजन करून पाहावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

याचा अर्थ असले कार्यक्रम बंद व्हावेत असा नव्हे. हाताने काहीतरी बांधावे, बिघडले तर उघडून पाहावे, अशक्य वाटणारे करून पाहावे, ही वृत्ती ज्यांनी घरोघर नेली त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. कित्येक मुलांनी पहिला पाना हाती धरला तो असा एखादा कार्यक्रम पाहूनच. मागणे आहे ते तीन गोष्टींचे. सोंग असेल तर ते सोंग म्हणून ओळखू यावे. परीक्षा असेल तर तिचा निकाल परीक्षेनंतर लिहिला जावा. आणि धोका असेल तर त्यामागची तयारीही उडीइतक्याच अभिमानाने दाखविली जावी. या तिन्हींमुळे रंजकता उणावणार नाही. उलट, १९७४ ची ती उडी तिचे गणित कळल्यावर अधिकच थरारक वाटते.

जत्रेतील त्या लाकडी हौदाचा खेळ सुरू होण्यापूर्वी कोणी लवकर जाऊन पाहिले, तर त्याला एक दृश्य दिसू शकते. गर्दी जमलेली नसते, कर्णा वाजू लागलेला नसतो. खेळ करणाऱ्यांपैकी एखादा हौदात उतरून एकेक फळी ठोकून पाहत असतो, सैल झालेला बोल्ट आवळीत असतो, चाकातील हवा तपासत असतो. ते पाहण्यासाठी कोणी तिकीट काढीत नाही. पण थोड्या वेळाने भिंतीवर आडवी होऊन धावणारी ती गाडी त्या बोल्टांवरच विसंबून असते.